सोबती, वय वर्षं अडुसष्ट

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदी एका जागी कोपरासारखी वळते. त्या वळणात नॉवू नावाचं हजारेक वस्तीचं गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या सपाटीवर, लोहाराचं एक दुकान आहे. भट्टी, भाता, ऐरण, भिंतीवर टांगलेली अवजारं, सारा थाट 1840 च्या दशकातला. तिथला लोहार घोड्याच्या नालाला ठोकायचा खिळा घेतो, तो वाकवून त्याची अंगठी कशी होते ते दाखवतो आणि समोर उभ्या असलेल्या पोराच्या तळहातावर एक अंगठी ठेवतो. त्या अंगठीला तिथे ‘माळावरचा हिरा’ म्हणतात.

आता या लोहाराच्या छातीवरचा काळा बिल्ला वाचा. ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव, एवढंच. हा माणूस जन्मात कधी लोहार नव्हता. परवापरवापर्यंत तो लोकांच्या दाढा काढत असेल, नाहीतर शाळेत बीजगणित शिकवत असेल. शेजारी त्याची बायको पाहुण्यांना लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते समजावतेय. तिच्याही छातीवर बिल्ला, ‘सिस्टर’ आणि तेच आडनाव. दोघांना पगार नाही. राहण्याचा, जेवणाचा, इथवर येण्याचा खर्च त्यांचा त्यांनीच केलाय. दीड वर्षानं ते घरी परत जातील आणि या ऐरणीपाशी दुसरा कुणी निवृत्त गृहस्थ उभा राहील, ज्यानं तोवर कदाचित फक्त हिशेबाच्या वह्या हाताळल्या असतील.

ही आहेत ज्येष्ठ मिशनरी जोडपी. ‘मिशनरी’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मिरजेचं वानलेसांचं रुग्णालय येतं, 1894 पासूनचं. नगरच्या मिशनच्या शाळा येतात. धर्मांतराचा जुना, अजून न विझलेला वादही येतो. ती माणसं तारुण्यात आली, इथली भाषा शिकली, कित्येक जण इथल्याच मातीत पुरले गेले. नॉवूतली माणसं आयुष्याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला घराबाहेर पडतात. नातवंडं झालेली, गुडघे कुरकुरणारी, रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी बरोबर घेतलेली. परतीची तारीख निघण्याआधीच ठरलेली. मला या सगळ्या प्रकारात त्यांच्या धर्माहून एका वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटत आलंय: ज्या वयात आपल्या ओळखी एकेक करून गळत जातात, त्या वयात या लोकांना पोत्यानं मित्र कसे मिळतात?

आधी ही माणसं कोण ते सांगतो. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणानं एक ख्रिस्ती पंथ स्थापन केला. लोक त्याला मॉर्मन म्हणून ओळखतात. त्यांना स्वतःला ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नाव आवडतं, पण एका श्वासात ते म्हणणं कठीण आहे. आज जगभरात त्यांची संख्या पावणेदोन कोटींच्या आसपास आहे. पांढरा शर्ट, टाय आणि बिल्ला लावून सायकलवरून दोघा-दोघांनी फिरणारी मुलं तुम्ही एखाद्या इंग्रजी सिनेमात पाहिली असतील. अठरा-एकोणिसाव्या वर्षी मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष अशा सेवेला जातात. अशी तरुण मंडळी एकाच वेळी सत्तर हजारांहून जास्त बाहेर असतात. गंमत अशी की मिसरूडही न फुटलेल्या त्या पोरालासुद्धा ‘एल्डर’ म्हणायचं, म्हणजे वडीलधारा. अडुसष्ट वर्षांचे आजोबा एल्डर आणि त्यांच्या नातवाच्या वयाचा पोरगाही एल्डर. आपल्या वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात, वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात, त्याची आठवण येते.

तरुण मिशनऱ्यांना एक कडक नियम आहे. एकट्यानं राहायचं नाही. सदैव एक सोबती बरोबर हवा. तो सोबती वरून नेमून दिला जातो, काही आठवड्यांनी बदलतो, आणि तो आवडो न आवडो, त्याच्याबरोबर उठायचं, जेवायचं, दारं ठोठवायची. ज्येष्ठ जोडप्यांच्या बाबतीत हा नियम मोठा मजेशीर होतो. त्यांचा सोबती म्हणजे नवऱ्याला बायको आणि बायकोला नवरा. बदलीची सोय नाही!

हसू नका, यात खरी मेख आहे. चाळीस वर्षं संसार केलेली माणसं एकमेकांबरोबर दिवसातून जागेपणी किती तास असतात, याचा हिशेब करून बघा. तो नऊ तास कामावर, ती कामावर किंवा मुलांमागे, संध्याकाळ दूरचित्रवाणीसमोर. निवृत्तीनंतर नवरा घरी बसला की पहिल्या सहा महिन्यांत स्वयंपाकघरातल्या डब्यांची फेररचना करू बघतो आणि त्यावरून जी धुसफुस होते ती कुठल्याही पेठेत वा कॉलनीत सारखीच. मिशनवर गेलेलं जोडपं एकदम दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, एकाच मोटारीत, एकाच टेबलापाशी येऊन पडतं. दोघांना काम नवं, गाव नवं, कुणीच साहेब नाही. त्याला कळतं की अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करणं हिला किती सहज जमतं. तिला कळतं की हा नकाशा बघतो म्हणतो, पण बघत नाही. पहिली नवी मैत्री होते ती या दोघांचीच.

आता निघण्याची तयारी. बहुतेक जोडपी साठी-सत्तरीतली. मुलं मार्गी लागलेली असावीत, प्रकृती धडधाकट असावी. वैद्यकीय तपासणी, दातांची तपासणी, स्थानिक धर्मप्रमुखाची मुलाखत. हा धर्मप्रमुखही बिनपगारी, आठवडाभर स्वतःची नोकरी करणारा. या पंथाची गावपातळीवरची सारी कामं सामान्य सभासदच आळीपाळीनं करतात. म्हणून माणूस निवृत्त होईतो सभा चालवणं, हिशेब ठेवणं, आजाऱ्याच्या घरी डबा पोचवणं या कामांत मुरलेला असतो. तरुणांना कुठं पाठवायचं ते पूर्णपणे वरून ठरतं; ज्येष्ठांना मात्र आपली आवड कळवता येते. सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने, झेपेल तेवढं. प्रशिक्षण युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी, साधारण आठवडाभर. तरुण मुलं तिथं नवी भाषा घोकत असतात. आजी-आजोबांवर भाषेची सक्ती नाही, धडे पाठ करण्याचीही नाही, उन्हातान्हात दारं ठोठवत फिरण्याची तर नाहीच.

पैशाची बाजू रोखठोक आहे. निवृत्तिवेतन, साठवलेली पुंजी, कधी घर भाड्यानं देऊन येणारे पैसे, यांतून खर्च भागवायचा. परदेशी जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा खर्च घरभाड्याचा; तेव्हा 2011 मध्ये चर्चनं ठरवलं की जोडप्यानं घरापोटी महिन्याला 1,400 डॉलरपर्यंतच सोसावं. अमेरिकेत ज्येष्ठांना मिळणारा सरकारी वैद्यकीय विमा, मेडिकेअर, देशाबाहेर सहसा चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी विमा योजना आहे. घरातलं सामान तळघरात रचायचं, कुत्रा मुलीकडे, टपाल मुलाच्या पत्त्यावर. आपल्याकडे अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघालेले आजी-आजोबा झाडांना पाणी घालायला शेजाऱ्यांकडे किल्ली देतात, लोणच्याची बरणी तीनदा गुंडाळतात, तसंच थोडंसं. फरक एवढाच की आपले आजी-आजोबा स्वतःच्या नातवंडांकडे निघालेले असतात आणि हे नातवंडांना सोडून.

नॉवूलाच परत जाऊ, कारण या गावाची स्वतःची गोष्ट ऐकल्याशिवाय ही माणसं तिथं लोखंड का ठोकतात ते कळायचं नाही. 1839 मध्ये मिसूरी राज्यातून हाकलले गेलेले मॉर्मन या नदीकाठच्या दलदलीत आले. डासांचं राज्य, हिवतापानं माणसं पटापट आडवी होत. त्यांनी चर खणून पाणी काढून दिलं, विटांची घरं बांधली, पाच-सहा वर्षांत बारा हजारांच्या घरात वस्ती नेली. आसपासच्या लोकांशी वैर वाढत गेलं. 27 जून 1844 रोजी जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावानं जोसेफ स्मिथला गोळ्या घालून मारलं. 1846 च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, पहिल्या गाड्या मिसिसिपी ओलांडून पश्चिमेला निघाल्या. हजारो माणसं आपली घरं सोडून गेली. टेकडीवरचं त्यांचं मंदिर 1848 मध्ये जाळलं गेलं आणि उरलेल्या भिंतींतल्या काही 1850 च्या वादळानं पाडल्या. ओस पडलेल्या गावात एत्येन काबे हा फ्रेंच समाजवादी आपले अनुयायी घेऊन आला, तोही प्रयोग मोडला. पुढे जर्मन कुटुंबं आली, द्राक्षमळे आले.

मग शंभर वर्षांनी एक डॉक्टर आला. लिरॉय किंबॉल, सॉल्ट लेक सिटीचा. 1954 मध्ये त्यानं आपल्या पणजोबांचं नॉवूतलं घर विकत घेतलं आणि मोठ्या हौसेनं डागडुजी केली. घर तयार झालं तसे लोक बघायला येऊ लागले, आणि इतके येऊ लागले की तिथं निवांत राहायचा बेत बारगळला. 1962 मध्ये जुनं नॉवू पुन्हा उभं करणारी संस्थाच त्यातून निघाली. घरामागून घर, छापखाना, बेकरी, वीटभट्टी. जळालेलं मंदिर जुन्या नकाशाबरहुकूम बांधून 27 जून 2002 रोजी समर्पित झालं. तारीख मुद्दाम तीच निवडली. 2024 च्या मार्चमध्ये या पंथाच्याच एका वेगळ्या शाखेकडून जोसेफ स्मिथचं नॉवूतलं घर, त्याचं लाल विटांचं दुकान आणि ओहायोतलं कर्टलंडचं मंदिर अशी ठिकाणं मिळून 19 कोटी 25 लाख डॉलरला खरेदी झाली. इतकी घरं, इतकी दुकानं, आणि प्रत्येक दारात आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणणारं कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे आपली ही जोडपी.

त्यांचा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहा. सकाळी कामाची वाटणी. आज कुणाला वीटभट्टी, कुणाला बेकरी, कुणाला घोड्यांची गाडी. वीटभट्टीत येणाऱ्या कुटुंबाला आठवण म्हणून छोटीशी वीट मिळते. बेकरीत आल्याच्या स्वादाचं बिस्किट. एखाद्या आजोबांच्या वाट्याला बैल येतात. तिथं बैलाला वेसण-कासरा नाही, सारा कारभार आवाजावर. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. आयुष्यभर संगणकाच्या पडद्याकडे पाहिलेल्या माणसाला दोन धिप्पाड बैल डावी-उजवी शिकवतात आणि त्यांना जो राग-लोभ आहे तो त्याच्या हुद्द्यावर अवलंबून नाही. त्याला बैल हाकायला शिकवणारा असतो त्याच्या आधी आलेला दुसरा निवृत्त माणूस. संध्याकाळी हीच मंडळी रंगमंचावर गातात, नाचतात. उन्हाळ्यात प्रवाशांची झुंबड. हिवाळ्यात सामसूम, आणि खालच्या धरणापाशी न गोठलेल्या पाण्यावर मासे टिपायला टकल्या गरुडांची जत्रा भरते. तेव्हा वेळ असतो. गप्पा खऱ्या त्या दिवसांत होत असणार.

इथं जरा थांबून एका अभ्यासाबद्दल सांगायला हवं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या संशोधकानं 2018 मध्ये मैत्रीला लागणारे तास मोजले. नुसत्या ओळखीची सैलसर मैत्री व्हायला सुमारे पन्नास तास, मित्र म्हणावं इतपत जवळीक यायला नव्वदच्या आसपास, आणि जिवाभावाची मैत्री व्हायला दोनशेच्या वर. हे वाचून मी पहिल्यांदा माझ्याच आयुष्याचा हिशेब केला आणि तो काही बरा निघाला नाही. महिन्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्या माणसाशी दाट मैत्री व्हायला आठ वर्षं लागतील. साठीनंतर एवढी सवड कुणाकडे आहे?

मिशनवरच्या जोडप्यांना हे दोनशे तास दोन-तीन महिन्यांत मिळतात, असं चटकन वाटतं. पण हॉलनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. नुसतं शेजारी बसून काम केलेले तास फारसे उपयोगाला येत नाहीत. थट्टामस्करी, जेवण, कशाबद्दलही बोलणं, हे तास खरे. म्हणजे वीटभट्टीवरच्या आठ तासांपेक्षा भट्टी बंद केल्यावर परत चालत येतानाची वीस मिनिटं मोलाची. आणि म्हणून सोमवारची संध्याकाळ महत्त्वाची. या पंथात 1915 पासून कुटुंबानं एक संध्याकाळ एकत्र घालवायची पद्धत आहे. 1970 पासून त्यासाठी सोमवार राखून ठेवलाय. घरी ही संध्याकाळ मुलांबरोबर जाते. मिशनवर मुलं नाहीत, तेव्हा आसपासची ज्येष्ठ जोडपीच एकमेकांचं कुटुंब होतात. कुणाच्या तरी दोन खोल्यांत खुर्च्या जमवायच्या, प्रार्थना, एखादा छोटा धडा, मग खाणं आणि खेळ.

खाणं म्हणजे काय, याची मराठी वाचकाला उत्सुकता असणारच. पहिला धक्का: चहा नाही. कॉफीही नाही. 1833 पासून सांगितलेल्या पथ्यात दारू-तंबाखूबरोबर हे दोन्ही वर्ज्य. चहाच्या टपरीशिवाय मैत्री कशी जमते हे मला अजून नीट उमगलेलं नाही. त्यांचं गोडावर मात्र भारी प्रेम. युटा राज्यानं 2001 मध्ये जेलीला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं, यावरून काय ते ओळखा. आणखी एक पदार्थ आहे, बटाटा, साय आणि चीज घालून भाजलेला, त्याला ते चक्क ‘मयताचे बटाटे’ म्हणतात, कारण ज्या घरी दुःखद घटना घडते तिथं शेजारच्या बायका तो घेऊन जातात. आपल्याकडे अशा घरी शेजारचे पिठलं-भात पोचवतात. त्यांनी आपल्या बटाट्यांना इतकं रोखठोक नाव दिलं आणि मग तेच सणालाही खायला घेतले, याला मात्र धीटपणा लागतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंचा सिद्धान्त इथं आठवतो. माणसाला जेव्हा वाटतं की आपल्यापुढे अमाप वेळ आहे, तेव्हा तो नव्या ओळखी गोळा करत सुटतो. वेळ थोडा उरलाय असं जाणवलं की तो ओळखींची छाटणी करतो आणि मनाला भिडणारी मोजकी माणसं जवळ ठेवतो. म्हातारपणी वर्तुळ लहान होतं ते नेहमी नाइलाजानं होत नाही. बरेचदा माणूस ते आपण होऊन लहान करतो. मग ही जोडपी उलटी का वागतात? मला वाटतं, ती उलटी वागतच नाहीत. अठरा महिन्यांची मुदत त्यांना दोन्ही देते. गाव नवं म्हणून ओळखी कराव्याच लागतात, आणि जायची तारीख ठाऊक असल्यानं हवापाण्याच्या गप्पांत वर्ष घालवण्याची चैन परवडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच माणसं मुलाच्या घटस्फोटाबद्दल, गेलेल्या बहिणीबद्दल बोलू लागत असतील तर त्यात आश्चर्य नाही. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात समोरच्या बाकावरच्या बाईला आपण घरच्यांना न सांगितलेलं सांगून टाकतो, ते काय वेगळं असतं?

आमच्याकडचे ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतले कट्टे मी पाहतो. तिथं वेळ भरपूर असतो, मुदत नसते आणि काम नसतं. वानप्रस्थाची कल्पना तर आपलीच. कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्रात निवृत्तीनंतर पूर्णवेळ काम करायला येणाऱ्यांना अजून वानप्रस्थी म्हणतात, म्हणजे ती पार विझली असंही नाही. पण जोडीनं जायचं, ठरावीक काळासाठी जायचं, जाताना एक अगदी साधं काम हातात घ्यायचं आणि परत यायचं, अशी तिची घडी आपण बसवली नाही. एकदा कुणाला लागणारं काम हातात आलं की मैत्री त्याच्या मागून येते, हे मला या लोहारकाम करणाऱ्या दंतवैद्याकडे पाहून कळलं.

सगळ्यांच्या नशिबी नॉवूचे बैल नसतात. बऱ्याच जोडप्यांना मिळतं ते मिशनचं कार्यालय. एखाद्या शहरात शे-दीडशे तरुण मिशनरी असतात. त्यांची भाड्याची घरं शोधायची, वीजबिलं भरायची, टपाल वाटायचं, मोटारींची देखभाल बघायची. घरांची तपासणीही यांच्याकडे. चार वीस वर्षांची पोरं राहतात त्या घराचं स्वयंपाकघर तपासायला जाणं, ही काय चीज आहे हे ज्यांनी मुलग्यांचं वसतिगृह पाहिलंय त्यांना सांगायला नको. आजी फ्रिज उघडतात, बंद करतात, काहीही न बोलता बाही वर सरकवतात. पुढच्या खेपेला त्या तपासणीचा कागद आणतात आणि बरोबर केकही. 2019 पर्यंत तरुण मिशनऱ्यांना घरी फोन करायला मिळे तो वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो. घर आठवून रात्री उशीत तोंड खुपसणाऱ्या पोराला तेव्हाही आणि आताही जवळचं वडीलधारं माणूस म्हणजे कार्यालयातल्या या सिस्टर. स्वतःचे नातू दोन हजार किलोमीटरवर आणि दुसऱ्याचे वीस नातू रोज दारात.

काही जोडप्यांच्या हाती कॅमेरा येतो. एखाद्या देशाच्या अभिलेखागारात बसून जुनी जन्ममृत्यूची दफ्तरं पान-पान करून टिपायची. या पंथाची श्रद्धा अशी की आपल्या मृत पूर्वजांच्या वतीनंही धर्मविधी करता येतात, म्हणून पूर्वज शोधायचे. त्या ध्यासातून त्यांनी 1894 मध्ये वंशावळींची संस्था काढली, 1938 पासून जगभरची कागदपत्रं मायक्रोफिल्मवर घेतली आणि सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खोदून चोवीस लाख फिल्मची रिळं जपून ठेवली. ती सगळी संगणकावर आणण्याचं काम 2021 मध्ये पुरं झालं. त्या संग्रहात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायांच्या बाडात पणजोबांची सही शोधलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तेच वाटलं: आधी अंगावर काटा, मग किंचित अस्वस्थता.

ती अस्वस्थता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ही माणसं प्रेमळ असतील, निःस्वार्थीही असतील, तरी ती मिशनरीच आहेत. आपला धर्म दुसऱ्याला सांगावा ही इच्छा त्यांच्या बिल्ल्यावर लिहिलेली आहे. त्यांच्याशी मैत्री करणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात कधीतरी प्रश्न येणारच, की हा केक माझ्यासाठी आहे की माझ्या आत्म्यासाठी? नॉवूतली मंडळी चर्चबाहेरच्या गावकऱ्यांना भेटतात तेव्हा तिथंही मागचा इतिहास मध्ये उभा असतो. मिशनचे अठरा महिने हा प्रश्न बाजूला ठेवता येतो, विसरता येत नाही. मैत्री टिकते ती बहुधा ज्याला धर्म बदलायचा नाही हे एकदा स्पष्ट झालंय आणि तरीही ज्याच्या घरी आजी केक घेऊन जात राहतात, त्याच्याशी.

आपल्या मुलखाशीही या पंथाचा जुना संबंध आहे, आणि तो फारसा यशस्वी नाही. ह्यू फिन्डले नावाचा स्कॉटिश मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरला, पुण्यालाही आला. लष्करी अधिकाऱ्यांची इतराजी झाली, गोऱ्या पाद्र्यांनी जवळ केलं नाही. त्यानं मराठ्यांना उद्देशून 1855 मध्ये एक पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी तो युटाकडे निघून गेला. मागे फारसं काही उरलं नाही. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 1978 च्या अखेरीस, मूळचं हैदराबादचं एक जोडपं सामोआहून काही आठवड्यांसाठी मिशनरी म्हणून स्वतःच्याच गावी आलं आणि वीसेक नातेवाइकांना त्यांनी आपल्या पंथात घेतलं. फिन्डलेकडे पुस्तिका होती. या दोघांकडे मामा, मावश्या आणि जेवायची आमंत्रणं होती. 1993 मध्ये बंगळुरूला या पंथाचं भारतातलं मिशन स्वतंत्रपणे सुरू झालं.

मुदत संपते. सामान आवरायचं. नव्यानं येणाऱ्या जोडप्याला कोणत्या नळाचं पाणी उशिरा गरम होतं ते सांगायचं, कोणता बैल सकाळी चिडका असतो तेही. घरी पोचल्यावर तिथल्या धर्मप्रमुखाला भेटायचं, त्यानं मोकळं केलं की बिल्ला काढायचा. मिशनवर जमलेली जोडपी पुढे एकमेकांना धरून राहतात. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सॉल्ट लेक सिटीत पंथाचं महाअधिवेशन भरतं, त्या सुमाराला जुन्या मिशनवाल्यांचे मेळावे होतात.

पण त्याआधी, निघायच्या आदल्या दिवशी, सोबतच्या जोडप्याचा फोन नंबर नोंदवून घ्यायचा असतो. दीड वर्ष दोघं एका ऐरणीवर उभे राहिलेले, एकमेकांच्या शस्त्रक्रियांच्या तारखासुद्धा पाठ. खिशातून फोन निघतो, ‘नाव’ या रकान्यापाशी अंगठा थांबतो. नियमानं सगळे एकमेकांना एल्डर आणि आडनावच म्हणत आलेत.

‘‘अहो, एक विचारू? तुमचं नाव काय?’’